वैतरणेवर ठिगळाची कयाक

वैतरणेच्या धरणाचं पाणी रस्त्यावरून एका मोठ्या चकचकीत ताटासारखं दिसतं. पाण्यात उतरून बसलं की ते घरासारखं होतं. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं तसं टेकडीमागून टेकडीमागे उघडत जातं आणि शेवटची खोली कुठली ते कळत नाही. दिवाळी होऊन गेली होती, भातकापणी चालू होती, तेव्हा मी आणि माझा मोठा भाऊ त्या पाण्यावर तीन दिवस राहून आलो. आमच्या ओळखीत असा प्रवास कुणी केलेला नाही. आल्यापासून जो तो विचारतो, पण सांगायला बसलं की चहा संपतो आणि गोष्ट राहते. म्हणून लिहून काढते आहे.

आम्ही मखमलाबादचे. घरची गुलाबाची शेती, शिवाय थोडा भाजीपाला. शेती दादा बघायचा. काही वर्षांपूर्वी बांधावर ट्रॅक्टर उलटला आणि दादाचे पाय कमरेपासून गेले. ते हलत नाहीत आणि त्यांना काही कळतही नाही. गरम, गार, टोचलेलं, काहीच नाही. तेव्हापासून तो चाकाच्या खुर्चीत असतो. मी अंबडला पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीच्या कामाला आहे. गंगापूर धरणाकाठचा होड्या वल्हवायला शिकवणारा एक कॅम्प बंद झाला तेव्हा तिथली दोघांनी बसायची प्लास्टिकची कयाक आमच्याकडे आली. कधीकाळी ती भगवी असावी. आता वाळलेल्या संत्र्याच्या सालीसारखी दिसते. दादा पहिल्यांदा तिच्यात बसला तेव्हा त्याने आधी दोन्ही हात पाण्यात बुडवले. मग म्हणाला, "नंदे, इथे सगळेच बसलेले असतात."

त्या दिवसापासून त्याला पाण्याचं वेड लागलं.

आता कयाकच्या तळाविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं. आमच्या कारखान्यात टाकी जशी बनते तशीच ही होडी बनते. प्लास्टिकची भुकटी साच्यात घालून भट्टीत फिरवतात, ती वितळून आतून साच्याला चिकटते. असं प्लास्टिक चिवट असतं, आपटलं तरी फुटत नाही, पण घासलं की झिजतं. म्हणून कयाकचा पहिला नियम असा की ती ओढायची नाही, उचलायची. हा नियम आम्हाला पाळता येत नाही. दादाला काठावरच होडीत बसवावं लागतं आणि मग होडी त्याच्यासकट पाण्यात ढकलावी लागते. परतताना मी उतरून दोरीने तिला दगडांवरून वर ओढते. पुढचं टोक हवेत असतं, सगळा भार मागच्या तळावर, दादाच्या खाली. दर वेळी तिथलं थोडं प्लास्टिक खडकाला जातं.

निघण्याआधी मी कयाक अंगणात उलटी घातली. घासून घासून तळाला आलेली प्लास्टिकची लव ब्लेडने काढली. खोल ओरखडे गरम हवेच्या बंदुकीने मऊ करून त्यांत त्याच प्लास्टिकची कांडी वितळवून भरली. एरवी ती गुलाबांवरून उरलेल्या शेडनेटखाली झाकून ठेवतो, कारण उन्हानेही हे प्लास्टिक ठिसूळ होतं. शेवटी आत बॅटरी लावून पाहिलं. झिजलेली जागा बाहेरून उजळ दिसते. मागच्या बाजूला तळहाताएवढा भाग कंदिलासारखा उजळला होता. दादा खुर्चीतून बघत होता.

"चालेल?" त्याने विचारलं.

मी अंगठ्याने दाबून पाहिलं. "तीन दिवस चालायला हरकत नाही," मी म्हणाले. तेव्हा मला खरोखर तसंच वाटलं होतं.

घोटीवरून पुढे

शेजारचा शंकर आमची फुलं त्याच्या पिकअपमधून बाजारात नेतो. त्यानेच आम्हाला सोडलं. घोटीला थांबलो. हंगाम सुरू झाल्याने तिथल्या गिरण्यांतून तांदळाच्या कोंड्याचा गोडसर वास येत होता. आमच्याकडे या दिवसांत गुलाबाचा आणि फवारणीचा वास असतो, त्यापुढे हा वास एखाद्या थोर घरात शिरल्यासारखा वाटला. भेळभत्त्याचा मोठा पुडा घेतला. दुकानदाराने पिकअपवर बांधलेल्या कयाककडे बघून विचारलं, "ही टाकी आडवी बसवायची का उभी?"

"आडवी," दादा म्हणाला. "आणि आत आम्ही बसायचं."

दुपारी पाण्यावर पोचलो. शंकर दादाची खुर्ची घेऊन परत जाणार होता आणि तिसऱ्या दिवशी पलीकडच्या तीरावर, डांबरी रस्ता पाण्याजवळ येतो तिथे, आमची वाट बघणार होता. खुर्ची पिकअपमधून निघून गेली तेव्हा मला थोडं रिकामं वाटलं. दादाने वळूनही पाहिलं नाही.

पहिल्या दिवसाचं फारसं काही सांगता येत नाही. वल्ही आपोआप एका लयीत पडायला लागली आणि मग बोलणंही त्या लयीत व्हायला लागलं, आणि मग थांबलं. पाणी इतकं स्थिर होतं की टेकड्या दोनदा दिसत होत्या. काठावर पिवळं भात, कापलेल्या भाताच्या आडव्या पडलेल्या पेंढ्या, त्यांत वाकलेल्या बायकांची लुगडी. त्यांचं बोलणं पाण्यावरून इतकं स्पष्ट यायचं की कुणीतरी आमच्याच होडीत बसून बोलतंय असं वाटावं. एक पाणकावळा बुडी मारून गेला आणि आम्ही दोघं तो कुठे वर येतो याची वाट बघत राहिलो. तो वर आला की नाही ते आठवत नाही. बहुतेक आम्हीच दुसरीकडे बघायला लागलो.

संध्याकाळी एका गवताळ काठावर तंबू ठोकला. गवतापर्यंत पोचायला मधे दगडांचा पट्टा होता. मी दोरी खांद्यावर घेऊन कयाक ओढली. तळाखालून तो खरखराट आला, जो मला दातांत जाणवतो. दादा मान खाली घालून बसला होता. त्या आवाजाच्या वेळी तो नेहमी तसाच बसतो.

खाडीत

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. पाणी कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते ते दिसत नव्हतं. आम्ही काठाकाठाने, दोन टेकड्यांमध्ये घुसलेल्या पाण्याच्या एका अरुंद खाडीत शिरलो. ऊन वर आलं तसं धुकं विरघळलं आणि आम्ही खाडीच्या मधोमध होतो. मी पुढे बसले होते. माझ्या लक्षात आलं की होडी जड झाली आहे. वल्हं मारलं की ती आधी विचार करायची, मग हलायची. मला वाटलं, हात दमले असतील.

मग माझ्या बुडाला गार लागलं आणि माझ्या बाजूने भेळभत्त्याचा पुडा तरंगत पुढे आला.

मी मागे वळून पाहिलं. दादा डोळे मिटून, चेहरा उन्हाकडे करून वल्हवत होता. त्याच्या मांड्यांपर्यंत पाणी होतं. पाय पाण्याखाली होते आणि त्याला ते माहीत नव्हतं. इतका शांत चेहरा मी अपघातानंतर त्याचा पाहिला नव्हता, आणि मला त्याला सांगावं लागणार होतं.

"दादा, खाली बघ."

त्याने पाहिलं. घाबरला नाही. हात पाण्यात घातला, आपल्याच पायाला लावला आणि म्हणाला, "बरंच गार असेल ना गं?"

मी डबा घेऊन पाणी उपसायला लागले आणि तो वल्हवायला. आम्ही दोघांनी फुगीर जाकिटं घातलेली होती. काठावर एका भाताच्या खाचरात नवरा-बायको पेंढ्या बांधत होते. आमची होडी वाकडीतिकडी येते आहे हे बघून ते कामं टाकून पाण्याशी आले. त्यांची नावं नंतर कळली, काळू आणि हिराबाई. वर टेकाडावर त्यांची पाच-सहा घरांची वाडी होती.

"बुडाली का?" हिराबाईने विचारलं.

"बुडत होती," मी म्हणाले. "माझ्या भावाचे पाय चालत नाहीत. त्याला होडीसकट वर घ्यावं लागेल."

काळूने दगडांकडे पाहिलं, होडीकडे पाहिलं. मग खाचरातून झोडून झालेल्या भाताचा पेंढा कवेत भरून आणला आणि पाण्यापासून वरपर्यंत अंथरला, हिराबाईने त्यावर पाणी मारलं. आम्ही तिघांनी दोरी धरली. मी दात आवळून त्या खरखराटाची वाट बघत होते. तो आलाच नाही. ओल्या पेंढ्यावरून होडी मांजरासारखी वर आली. दादाने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं पाण्यावर जातोय आणि हे आम्हाला सुचलं नव्हतं.

वाडीवर

कयाक रिकामी करून उलटी केली. मागच्या तळाला, त्या उजळ दिसलेल्या जागी, वीतभर चीर गेली होती. कडा कागदासारख्या पातळ होत्या.

फोनला रेंज नव्हती. वाडीपर्यंत मोटारसायकलची वाट होती, पिकअपची नव्हती, आणि मोटारसायकलवर दादाला तोल धरून बसता येत नाही. काळू म्हणाला, "डोली करू. घोंगडी अन् बांबू हाय घरात. चौघं लागत्यात, वाडीत चौघं हायेत. उद्या सकाळी डोंगरावरून सडकेला नेऊ."

दादा खाली पाण्याकडे बघत होता. हिराबाईने त्याच्याकडे बघून सरळ विचारलं, "पाय कधीपासून गेले?"

आमच्याकडे कुणी असं विचारत नाही. लोक माझ्याकडे बघून, आवाज उतरवून, "आता कसं आहे त्यांचं?" असं विचारतात, जणू दादा शेजारच्या खोलीत आहे. दादाने तिला ट्रॅक्टरची सगळी गोष्ट सांगितली. ती ऐकत ऐकत चुलीवर भाकऱ्या थापत होती.

"मी पण डोलीतून गेलेय," ती म्हणाली. "लेक झाली तवा, बाळंतपणाला. लय दुखत होतं, पण वाटंत झोप लागली. झोपाळाच तो."

"तुम्ही परत चालत आलात," दादा म्हणाला. जरा थांबून माझ्याकडे वळला. "नंदे, मी पाण्यातून आलोय. मला पाण्यातून जाऊ दे."

त्याने हट्ट केला नव्हता, मागितलं होतं. अपघातानंतर तो काही मागायचाच नाही. खुर्ची इथे ठेव, पाणी दे, एवढंच.

तर ठिगळ लावायचं होतं. या प्लास्टिकला कुठलाही गोंद धरत नाही, पट्टी चिकटत नाही, वाळली की सोलून निघते. त्याला फक्त त्याच जातीचं प्लास्टिक लागतं, तेही वितळवून. मी अंगणात फिरून शोधलं. पत्र्याखाली अर्धी कापलेली निळी पाण्याची टाकी होती, तिच्यात कोंबड्या राहत होत्या. कडेचा सुटलेला तुकडा पाण्यात टाकला तर तरंगला. निखाऱ्याला लावला तर मेणबत्ती विझवल्यासारखा वास आला. माझ्या रोजच्या ओळखीचा वास. तो आला आणि मी कुठून कापायचं ते पाहायला लागले.

"ही टाकी थोडी कापू का?" मी हिराबाईला विचारलं.

"झाकण घ्या," ती म्हणाली. "कोंबड्या काय झाकण मागत नाय."

आधी तापलेल्या तारेने चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे चीर पुढे सरकत नाही. मग झाकणाचा तुकडा विळ्याने कापला. चुलीत दोन उलथणी तापवली. एक होडीच्या तळावर ठेवायचं, एक तुकड्यावर. प्लास्टिक ओलं झाल्यासारखं चमकायला लागलं की लगेच एकमेकांवर दाबायचं. उशीर झाला तर काळं पडतं, घाई केली तर नुसतं चिकटल्याचं सोंग करतं. पहिला तुकडा तसाच सोंगाडा निघाला, बोटाने ओढताच सुटला. दुसरा धरला. तळाला आतूनही एक लावला. दादा पेंढ्यावर बसून चुलीतलं उलथणं कधी काढायचं ते सांगत होता. ट्रॅक्टरचे फाळ तापवून घेतलेला माणूस, लोखंडाचा रंग त्याला बरोबर कळायचा. दुपार अशी गेली. खाली पाणी चकाकत होतं, वर धूर होता, कोंबड्या बिनझाकणाच्या टाकीत आत-बाहेर करत होत्या आणि भाऊ-बहीण लहानपणी भातुकली खेळतात तसे आम्ही उलथणी आणि ठिगळं घेऊन बसलो होतो.

घरी आल्यावर ते ठिगळ मी कापून काढलं आणि कारखान्यातल्या बंदुकीने नीट सांधलं. खाली टाकीच्या प्लास्टिकची एक जाड पट्टी बसवली, झिजायची तर ती झिजेल आणि बदलता येईल. पण निळं ठिगळ फेकलेलं नाही.

जेवायला नाचणीची भाकरी, खुरासणीची चटणी आणि नव्या तांदळाचा भात होता. आमच्याकडे भात शेवटी येतो, नावापुरता. इथे तो आधी आला, मधे आला आणि शेवटीही आला. दादाने तिन्ही वेळा घेतला. काळूच्या पडवीत झोपलो. डोळे मिटले तरी पाणी हलत होतं.

परतीचा दिवस

सकाळी कयाक पेंढ्यावरून पाण्यात सोडली. काठालगतच आम्ही दोघं बसून पाहिलं. ठिगळाच्या कडेने बारीक पाझर आला. दोघांच्या वजनाने तळ वाकत होता. मी उतरले. आता दादा एकटा होता. बराच वेळ थांबलो. पाझर बंद झाला होता.

त्याचा अर्थ दोघांनाही कळला होता. शेवटी दादाच म्हणाला, "एकट्याला पेलते आहे."

मी त्याला कधीच एकट्याला पाण्यावर सोडलं नव्हतं. होडीत नेहमी पुढे मी, म्हणजे तो जे काही बघायचा ते माझ्या पाठीपलीकडचं. आता काळूच्या मोटारसायकलवरून मी डोंगरातून जाणार होते आणि तो माझ्या हातच्या ठिगळावर बसून सगळं पाणी ओलांडणार होता. मी डोलीचं नाव काढू शकले असते. बांबू पडवीत टेकवलेलाच होता.

"दर थोड्या वेळाने सीटखाली हात घालून बघायचं," मी म्हणाले. "पायांवर विश्वास ठेवायचा नाही."

"पायांवर कोण विश्वास ठेवतंय," तो म्हणाला.

"ओलं लागलं की लगेच जवळच्या काठाला."

"हो."

"मधून जायचं नाही, कडेकडेने."

"नंदे, सोड आता."

मी दोरी सोडली. हिराबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. दादाने चार-सहा वल्ही मारली आणि तो धुक्यात गेला. आधी होडी गेली, मग त्याचे खांदे, मग फक्त वल्ह्यावरून पाणी ठिबकल्याचा आवाज राहिला. मग तोही गेला.

मोटारसायकलच्या मागे मी पेंढ्याचा भारा धरून बसले होते. वाट डोंगराच्या कडेने वर-खाली जात होती. काळू मधेच थांबून म्हणायचा, "ताई, ते बघा." खाली धुक्याच्या फटीत एक संत्र्याची साल हळूहळू सरकताना दिसायची. इतक्या उंचीवरून ती हलते आहे की पाणीच तिच्याखालून चाललं आहे, ते कळत नव्हतं. मग वळण यायचं आणि नुसती झाडं. एका वळणानंतर धुकं सगळं गेलेलं होतं, पाणी लख्ख होतं आणि त्यावर काहीच नव्हतं. मी काळूला थांबायला सांगितलं. आम्ही दोघं बघत राहिलो. एका टेकाडाचं नाक पाण्यात घुसलं होतं. तो त्यामागे असेल, असं काळू म्हणाला. मी त्या नाकाच्या टोकावरून नजर हलवली नाही. बऱ्याच वेळाने नाकाच्या पलीकडून आधी एक लाट आली, बारीक, पंख्यासारखी पसरणारी, आणि तिच्या मागोमाग तो आला. कडेकडेने नाही, चांगला मधून.

पलीकडच्या तीरावर शंकर खुर्ची काढून, पुसून उभा होता. दादा एकटा पाण्यातून येतोय हे मी सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. आम्ही तिघांनी मिळून पाण्यापासून वरपर्यंत पेंढा पसरला, त्यावर पाणी मारलं. काळू भात सोडून आला होता, त्याला परतायचं होतं, पण तोही थांबला.

दादा दिसला तेव्हा ऊन त्याच्या मागे होतं. आकृतीच तेवढी दिसत होती, कमरेपर्यंत होडी आणि कमरेच्या वर माणूस, दोन्ही एकाच गोष्टीचे भाग असावेत तशी. काठापासून हाकेच्या अंतरावर तो थांबला. वल्हं मांडीवर आडवं ठेवलं, सीटखाली हात घातला, बाहेर काढला आणि तळवा आमच्या दिशेने उंच धरला. कोरडा होता. इतक्या लांबून मला ते दिसणं शक्य नव्हतं, तरी दिसलं.

मग त्याने होडी वळवली आणि पुन्हा मोकळ्या पाण्याकडे निघाला.

"हे काय, परत कुठं चालले दादा?" शंकरने विचारलं.

"येईल," मी म्हणाले आणि पेंढ्यावर बसले.